मैनीची अर्धी भाकरी

"उद्या सकाळी टेम्पो येईल. तोवर हिच्या तोंडात काडी जाऊ देऊ नका," बसू म्हणाला आणि त्यानं मैनीच्या पाठीवर थाप मारली.

"काडी न्हाई? आन् पाणी?" अव्वानं विचारलं.

"पाणीबी न्हाई, आत्ती. भूल द्यायची असती. पोट भरलेलं असलं की भुलीत चारा घशाशी येतो, श्वासात जातो. मग जनावर हाताला लागत न्हाई."

अव्वानं मान डोलावली. माझी आई मान डोलावते म्हणजे तिला पटलेलं असतं असं अजिबात नाही. ती फक्त समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत असते.

आमचं घर गवळ्याचं. कोल्हापुरात आम्ही म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जातो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतो. वडील गेल्यावर कट्ट्यावर त्यांच्या जागी मी उभी राहिले, कारण माझ्या नवऱ्याचं आणि शेणाच्या वासाचं कधी जमलं नाही. एक दिवस तो म्हणाला, मी तरी किंवा म्हशी तरी. मी फार वेळ विचार केला नाही.

अव्वा अथणीकडून लग्न होऊन आली ती आंदणाची पंढरपुरी म्हैस पाठीशी घेऊनच. लांब, तलवारीसारखी शिंगं, मान वळवली की टोक खांद्याच्या मागं जायचं. वडिलांनी अव्वाला कधी दुखवलं नाही, पण कधी कशात विचारलंही नाही. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं, तर ती म्हैस, मग तिची लेक, मग लेकीची लेक. त्या वेलीची रेडी आम्ही कधी विकली नाही. मैनीची आई साप चावून गेली आणि त्या वेलीवर एकटी मैनी उरली. अजून माजावरसुद्धा न आलेली, कोवळी रेडी. तिला काही झालं असतं तर अव्वाचं माहेर आमच्या दावणीवरून पुसलंच गेलं असतं.

आणि बसू म्हणजे बसवराज, अव्वाच्या सख्ख्या भावाचा मुलगा. अकरावी-बारावीला आमच्याकडेच राहिला. धार काढायला मी शिकवलं त्याला, पहिल्या दिवशी म्हशीनं लाथ मारून बादलीत बसवला होता. पुढं जनावरांचा डॉक्टर झाला आणि हायवेपलीकडच्या एका संशोधन केंद्रात लागला. अव्वा त्याला "आमचा डॉक्टर" म्हणायची. तिच्या माहेरच्या गोठ्यातली जनावरं केव्हाच संपली होती, त्यामुळं त्या घरचं उरलेलं एवढंच, एक बसू आणि एक मैनी.

केंद्रात त्याचं काम होतं कोवळ्या रेड्यांवर. रेडीच्या पोटात बीजं भरपूर असतात, ती भूल देऊन कुशीत बारीकसं भोक पाडून काढायची, काचेच्या बशीत पिकवायची, मग रेड्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालायची. जमलं तर आठवडाभरात भ्रूण तयार. तो दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवायचा, की लेक मैनीची आणि ओझं तिसऱ्याच म्हशीचं.

"कवळी कैरी आढीत घातली तर पिकती का रं? सुकून जाती," अव्वा म्हणाली होती.

"तेच तर शोधाय लागलोय, आत्ती. कुठल्या वयात पिकती, कुठल्या खाण्यावर, थंडीत का उन्हाळ्यात, आधी किती इंजेक्शनं दिल्यावर. एकदा ते कळलं की मैनी गाभण राहायची वाट बघत बसाय नको. ती स्वतः रेडी असतानाच तिच्या चार लेकी तुझ्या दावणीला."

चार लेकी. त्या दोन शब्दांवर अव्वा गेली, आणि तिच्यामागून मी. रेडा कुठला घेणार ते मात्र तिनं ठणकावून विचारलं. बसूनं आम्हाला केंद्रावर नेऊन पंढरपुरी रेडा दाखवला. अव्वानं त्याच्या शिंगांवरून बुडापासून टोकापर्यंत हात फिरवला आणि मगच हो म्हणाली.

त्या हिवाळ्यात मैनी दोनदा केंद्रावर जाऊन आली. आधी इंजेक्शनं, मग टेम्पो, मग कुशीला टाके. पांढरा टेम्पो गल्लीत वळला की ती खुंट्याभोवती फिरायला लागायची. ही तिसरी खेप होती.

टेम्पो आला तेव्हा मी कट्ट्यावर होते. परत आले तर दावण रिकामी आणि अव्वा उंबऱ्यात बसलेली. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बसू आला. टेम्पो नाही, मैनी नाही, मोटरसायकलवर एकटाच. त्यानं गाडी लावली आणि तिच्याजवळच उभा राहिला. मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

"शुद्धीवरच आली न्हाई," तो म्हणाला. "काल सकाळी टेबलावर घेतली. तवापासनं झटलो, अक्का."

अव्वा उठली नाही, रडली नाही. बसू तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं हळूच विचारलं, "आत्ती, काल तिला काही घातलंतं का?"

अव्वाचा हात पदराकडं गेला. आमच्यात जनावर दावणीवरून सुटताना त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालतात. कट्ट्यावर जायचं असो, नदीवर जायचं असो, मोकळ्या तोंडानं उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. मोकळ्या तोंडानं फक्त विकलेलं जनावर जातं.

"अर्धी," अव्वा म्हणाली. "अर्धी भाकरी. टेम्पोत चढाय तयार न्हवती रं. माझ्याकडं बघाय लागली."

बसूनं मान खाली घातली. मग म्हणाला, "तेच झालं."

त्या वेळी मला ते दुःख वाटलं. आता वाटतं, तो मान खाली घालून मोकळा श्वास घेत होता.

त्या दिवसापासून अव्वानं जनावरांना खायला घालणं बंद केलं. आमच्यासाठी भाकऱ्या थापायची, पण तुकडा घेऊन गोठ्यात पाऊल टाकायची नाही. शेण काढायची, म्हशी धुवायची, धारेला बसायची. वैरण टाकायची वेळ झाली की हात पुसत आत निघून जायची. एकदा मी चिडून म्हणाले, "अगं, टाक की एक पेंडी, हात झडतोय व्हय?" ती म्हणाली, "झडला असता तर बरं झालं असतं." परत मी विषय काढला नाही. पंधरा दिवसांत तिनं अंग टाकलं. जेवणावरची वासनाच उडाली.

तेव्हाच बसू ती बातमी घेऊन आला. मैनीच्या आधीच्या खेपांतले दोन भ्रूण केंद्रात गोठवून ठेवलेत म्हणे. आमच्याच काळी नावाच्या म्हशीच्या पोटात ठेवूया. अव्वा ऐकून उठून बसली. त्या दिवशी मला वाटलं, भाऊ असावा तर असा. मी त्याच्या पायाशी वाकायची तेवढी राहिले होते.

दोनातला एक राहिला. काळी व्याली, रेडी झाली. आम्ही तिचं बारसं केलं, सगुणा नाव ठेवलं. गल्लीला जेवण घातलं. बसू केंद्रातल्या साहेबांना घेऊन आला, फोटो निघाला, पेपरात आला. कोवळ्या रेडीच्या बीजापासून जन्मलेली रेडी, मध्ये सगुणा, एका बाजूला बसू, दुसऱ्या बाजूला नवं लुगडं नेसलेली अव्वा. तो पेपर अव्वानं देवघरात ठेवला होता. वर्षभरात बसूला केंद्रात वरची जागा मिळाली.

सगुणा वाढली. अंगानं भरली, खोडकर, माझ्या हाकेला धावत यायची. फक्त शिंगांचं काही कळेना. सुरुवातीला बोटाएवढी होती तेव्हा ठीक होतं. मग ती मागं जाण्याऐवजी खाली वळायला लागली, मग आत. शेजारचा शिवलिंग म्हणाला, "अक्का, ही जिलेबी कुठनं आणलीस?" मी त्याला चार शिव्या घातल्या. मनात म्हणाले, लॅबमध्ये तयार झालेलं लेकरू, शिंगं जरा उशिरानं सुधारतील. माणसाला मानायचं नसलं की माणूस काय काय मानतं.

आणि मग तो पाडवा आला.

दिवाळी पाडव्याला आमच्या गल्लीत म्हशींचा सगर असतो. म्हशी नदीवर नेऊन चकचकीत धुवायच्या, अंगावर केस कातरून नक्षी काढायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगांना रंग आणि टोकांना मोराची पिसं. मग मालकानं मोटरसायकलवरून हाक मारत पुढं जायचं आणि म्हशीनं मागून पळायचं. सगुणाचा तो पहिला सगर होता. अव्वा पहाटेपासून चुलीपाशी होती. बसू दर पाडव्याला यायचा आणि सगळं गोडधोड बाजूला सारून आत्तीच्या हातची गरम भाकरी आणि लोणी मागायचा. त्याचं ताट मांडून झालं होतं.

मी गोठ्यात सगुणाच्या शिंगांना लाल रंग देत होते. बुडापासून वर हात नेला तर रंगाचा कुंचला फिरून पुन्हा बुडाशीच आला. तिथंच मी थांबले. इतके महिने डोळ्यांनी जे टाळलं होतं ते हातानं टाळता येईना.

तेवढ्यात बसू आला. नवा सदरा, अत्तर. "काय अक्का, सगुणाबाई नटल्या का न्हाईत अजून?"

"हे पीस बांध तिच्या शिंगाला," मी म्हणाले.

त्यानं बांधलं. पीस वळणात अडकून तिच्या डोळ्यावर आलं. त्यानं काढून पुन्हा बांधलं, पुन्हा खाली आलं. तो हसला. मी हसले नाही.

"बसू, रेडा कुठला होता?"

"कुठला म्हंजे? पंढरपुरी. आत्तीनं बघितलाय की."

"मैनी पंढरपुरी, रेडा पंढरपुरी. मग ही शिंगं कुणाची?"

"लॅबमधल्या रेडकांत कधीकधी काय होतं अक्का, की..."

"मी बारावी शिकलीय, बसू. म्हशी त्याच्या आधीपासून शिकलीय. मुऱ्हा जातीची गोल वळलेली शिंगं मला लांबून ओळखू येतात. खरं सांग. मैनीची बीजं किती पिकली होती?"

त्यानं गोठ्याच्या दाराकडं बघितलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"किती, बसू?"

"एकबी न्हाई," तो म्हणाला. "तिन्ही खेपांत एकबी पुढं सरकलं न्हाई. बीजं निघायची चांगली, बशीत दोन दिवस बरी दिसायची, मग थांबायची. लई कवळी होती ती."

"मग काळीच्या पोटात काय ठेवलंस?"

"कत्तलखान्यातनं बीजकोश येतात आमच्याकडं, सरावाला. त्यातली चांगली झालेली दोन... अक्का, आत्तीची अवस्था बघवंना मला. मरायला टेकली होती ती. तूच तर मला फोन केलातास न्हवं, की अव्वा जेवत न्हाई म्हणून?"

"आणि पेपरातला फोटो? तोपण अव्वासाठीच?"

तो चिडला. खोटं पकडलेलं माणूस आधी चिडतं.

"तुला काय म्हाईत माझ्यावर किती दाब होता. पाहुणे यायचे होते बाहेरनं. कवळ्या रेडीचं काम जमलंय असं वर सांगून बसलोतो. त्यातबी सकाळी येणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर रेडी तशीच उपाशी बांधून ठेवली, त्यांच्यासमोर टेबलावर घेतली, मधीच हालली म्हणून परत भूल द्यावी लागली, घाईत जरा..."

मी हातातला कुंचला डब्यात ठेवला. "उपाशी? आदल्या दिवसापासनं?"

"अक्का..."

"मला तू सांगितलंस आल्या दिवशी सकाळीच घेतली. बसू, टेम्पोत चढताना खाल्लेली अर्धी भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या घशाशी येते रं?"

तो सगुणाच्या गळ्यातली माळ सारखी करायला लागला.

"भुलीचं तूच केलंस ते. दोनदा दिलीस आणि तुझ्या हातून गेली ती."

"आत्तीनंच काढला भाकरीचा विषय," तो पुटपुटला. "मी तिच्या तोंडात घातलं न्हाई."

"विषय तू काढलास. काही घातलंतं का म्हणून विचारलंस. आणि वर म्हणालास, तेच झालं. दोन वर्षं ती बाई स्वतःच्या हाताकडं बघत न्हाई, बसू. केसानं गळा कापलास तिचा. सख्ख्या भाच्यानं."

आतून अव्वाची हाक आली. "बसू, भाकरी निवाय लागली बघ."

आणि बसूनं काय करावं? त्यानं बादलीतलं पाणी घेऊन हात धुवायला सुरुवात केली. मला खालच्या आवाजात म्हणाला, "जेवून घेतो. न्हाईतर आत्तीला संशय यायचा. सणाचं काही बोलू नकोस तिला, अक्का."

मैनी मेल्याचं कळलं तेव्हा मी रडले होते, पण अंगाचा असा जाळ झाला नव्हता. मी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. "आत जायचं तर एकच गोष्ट सांगायला जायचं. तू तुझ्या तोंडानं सांगायचंस. ते जमत नसेल तर या घरचा घास तुझ्या पोटात जाणार नाही."

तो थोडा वेळ उभा राहिला. मला खरंच वाटलं, जाईल आत. लहानपणी बादली सांडली की स्वतः येऊन सांगायचा तो. मग त्यानं सदऱ्याला हात पुसले आणि मोटरसायकल ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आवाज होऊ नये म्हणून.

आता सांगायचं माझ्यावर आलं. भाकरीनं मैनी मेली नाही हे सांगायचं, तर सगुणा मैनीची नाही हेही सांगावं लागणार होतं. अव्वाला तिचा हात परत द्यायचा तर तिचं माहेर काढून घ्यायचं. गोठ्यापासून चुलीपर्यंत किती अंतर असणार, पण मी वाटेत दोनदा थांबले.

"गेला व्हय?" अव्वानं विचारलं. ताटात दोन भाकऱ्या, लोण्याचा गोळा, चटणी. "न जेवता?"

"अव्वा, सगुणा मैनीची न्हाई."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

मी चुलीपाशी खाली बसले.

"शिंगं मला दिसत न्हाईत व्हय गं? जन्म गेला माझा त्यात. पण बसूनं सांगितलं, म्हणून मी माझ्याच डोळ्यांस्नी खोटं ठरवलं. माझ्या भावाचं लेकरू मला कशाला फसवंल? म्हटलं, मीच मैनीला मारली, तर आता कुठल्या तोंडानं इचारू, ही कुणाची म्हणून."

"तू न्हाई मारलीस, अव्वा."

मग मी सगळं सांगितलं. पाहुण्यांचं, उपाशी बांधून ठेवल्याचं, दोनदा दिलेल्या भुलीचं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचा हात पुढं झाला नाही. मी तवा उतरवला.

ती म्हणाली, "बारशाला जेवला. मागच्या पाडव्याला जेवला, त्याच्या आधीच्या पाडव्याला जेवला. ह्याच हातची भाकरी मागून मागून खाल्ली की गं त्यानं. घास कसा उतरला त्याच्या घशाखाली?"

बसू त्यानंतर आमच्या उंबऱ्याला आला नाही. अव्वाच्या मातीलाही नाही.

बाहेर सगर सुरू होत होता. गल्लीतून मोटरसायकलींचे आवाज यायला लागले, शिवलिंग मला हाका मारत होता. अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. बसूच्या ताटातली भाकरी तिनं उचलली, मध्ये मोडली, अर्धी ताटात ठेवली आणि अर्धी घेऊन गोठ्याकडं चालू लागली.

सगुणानं त्या हातून कधी काही खाल्लं नव्हतं. तिनं आधी हात हुंगला, मग मागं सरली. अव्वा तशीच हात पुढं करून उभी राहिली.

"घे गं बाई," ती म्हणाली. "कुणाची का असंना, मोकळ्या तोंडानं न्हाई जायचं."

सगुणानं भाकरी घेतली. अव्वानं तिच्या डोळ्यावर आलेलं मोराचं पीस सोडून टाकलं आणि मला म्हणाली, "पिसं नगं बांधू. तिची शिंगं हायत तशी रंगीव आणि पळीव."

मी रंगाचा डबा पुन्हा उघडला.